आवाजी नको, डोकी मोजा

आपल्या पोरांसमोर विधानसभेचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं. "सोड रे, सगळे एकाच माळेचे मणी. विधेयक येतं, विधेयक जातं, आपल्या वस्तीला काय?" नाक्यावर हेच, टपरीवर हेच, आपल्या बैठकीतसुद्धा हेच. राग खरा आहे. पण पाठ फिरवली की पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि पाठ फिरवलेली माणसं तर त्यांना हवीच आहेत. म्हणून एकच गोष्ट मांडतो. त्या सभागृहात मतं मोजायच्या दोन रीती आहेत. खुर्चीचा प्रश्न असला की डोकी मोजतात. आपला प्रश्न असला की आवाज मोजतात.

आवाजी मतदान म्हंजे काय? अध्यक्ष विचारतात, बाजूने कोण? बाकांवरून 'होय' येतं. विरोधात कोण? 'नाही' येतं. अध्यक्षांच्या कानाला जो आवाज मोठा वाटला तो जिंकला. विधेयक मंजूर, पुढचं विधेयक. 'होय' कोण म्हणालं, 'नाही' कोण म्हणालं, कोण गप्प बसला, कोण त्या वेळी कँटीनमध्ये वडा खात होता, याची नोंद कुठंच नाही. कुणी उठून मतविभागणी मागितली आणि ती मान्य झाली, तरच माणसं मोजतात आणि नावं कागदावर येतात.

मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो. माल उतरताना तिथं टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. दर गोणीला एक रेघ. फाटली तर फाटली असं लिहितो, भिजली तर भिजली असं. पाळी सुटताना आमचा मुकादम त्या वहीत डोकं घालून आकडे बघतो, कारण टोळीची मजुरी त्यावर ठरते. "माल बऱ्यापैकी उतरलेला दिसतोय" असं म्हणून कुणी सही करत नाही. तांदळाच्या गोणीला एवढा हिशेब. आणि ज्या कायद्यावर आपलं जगणं-मरणं अवलंबून, त्याला 'आवाज मोठा आला' एवढं पुरतं!

आता खुर्चीचा हिशेब बघा. ३० नोव्हेंबर २०१९, उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. त्याच आठवड्यात, आधीच्या सरकारच्या बाबतीत, सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं की गुप्त मतदान नको, सगळं थेट दाखवा. भाजप उठून बाहेर गेला, आत डोकी मोजली गेली. बाजूने १६९, तटस्थ ४. पुढं ४ जुलै २०२२, एकनाथ शिंदे सरकार. पुन्हा शिरगणती. १६४ विरुद्ध ९९. ज्यांना पोचायला उशीर झाला त्यांच्यासाठी दारं उघडली नाहीत. त्याआधी महाराष्ट्र दहा दिवस सुरत-गुवाहाटीची हॉटेलं टीव्हीवर बघत होता. एकेका डोक्यासाठी विमानं, बसगाड्या, पहारे. बघा मोजायचं म्हटलं की कसं मोजता येतं!

आणि खुर्चीच्या प्रश्नात डोकी कधी मोजली नाहीत? १२ नोव्हेंबर २०१४. देवेंद्र फडणवीसांचं सरकार, भाजपचे १२१ आमदार, बहुमताला वीस-पंचवीस डोकी कमी. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर. राष्ट्रवादीच्या ४१ जणांनी बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, पण तो हात वर करून दाखवायची पाळी त्यांच्यावर येऊ दिली नाही. ठराव आवाजी मतदानाने मंजूर. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. म्हंजे आवाजी मतदानाचा खरा उपयोग त्या दिवशी उघडा पडला. कुणाचं तोंड लपवायचं असेल, तर आवाज मोजायचा.

आपल्या प्रश्नात याहून पुढची पायरी आहे. तिचं नाव 'एकमताने'. हा शब्द ऐकला की आपली माणसं टाळ्या वाजवतात. मला भीती वाटते.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. एकही 'नाही' नाही. मग मराठवाडा पेटवला कुणी? वस्त्या कुणी जाळल्या? पोचिराम कांबळेला मारणारे हात कुठल्या मतदारसंघातले होते, आणि त्या मतदारसंघाच्या आमदाराने सभागृहात कुठला आवाज काढला होता? शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण सगळेच 'होय' म्हणाले होते. सभागृहात होय आणि गावात नाही, असं दुतोंडी राजकारण एकमताशिवाय चालूच शकत नाही. डोकी मोजली असती तर काहींना उघड 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि उघड शत्रूशी लढता येतं. शिवाय तो नुसता ठराव होता. विद्यापीठाचं नाव कायद्यात असतं, ते बदलायला कायदा दुरुस्त करावा लागतो. त्याला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेव्हाही नामांतर नाही, नामविस्तार. साडेपंधरा वर्षं.

आता आपल्याच जिल्ह्याचं बघा. ३१ मे २०२३ ला जामखेड तालुक्यातल्या चौंडीत मुख्यमंत्र्यांनी अहमदनगरचं अहिल्यानगर करायची घोषणा केली. १३ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ऑक्टोबर २०२४ पर्यंत केंद्राची संमती येऊन नाव लागलंसुद्धा. दीड वर्षाच्या आत. अहिल्यादेवींच्या नावाबद्दल आपली तक्रार नाही. त्या बाईने राज्य केलं, पाणवठे बांधले, तिचं नाव जिल्ह्याला शोभतं. माझा प्रश्न सरकारच्या घड्याळाला आहे. एका नावाला सतरा महिने आणि बाबासाहेबांच्या नावाला साडेपंधरा वर्षं, हे घड्याळ कुणाच्या मनगटावर आहे?

एकमताने गळा दाबतात तसा समितीनेही दाबतात. त्यासाठी मागं जावं लागेल. माझा पणजा येसकर होता, श्रीरामपूरकडच्या गावात. चावडीचं बोलावणं त्याने पोचवायचं, साहेबाचं सामान त्याने वाहायचं, मेलेलं ढोर त्याने ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दहा कोस त्याने जायचं. तो आजारी पडला तर घरातला दुसरा कुणीही. चोवीस तासांची नोकरी, मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि घरोघर मागायचं बलुतं. याला वतन म्हणत होते. आम्ही वतनदार!

ही वेठ तोडायला बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचं विधेयक मांडलं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती. मागणी काय, तर बलुत्याच्या जागी रोख पैसा द्या, आणि ज्याला वतनाच्या नोकरीतून सुटायचंय त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळं होऊ द्या. एवढीच. बाबासाहेब तेव्हा सरकारनियुक्त सभासद, पाठीशी मोजता येईल असा पक्ष नाही. विधेयक कुणी थेट फेकून दिलं नाही. तसं करायला नाव लावावं लागतं. ते चिकित्सा समितीकडे गेलं, समितीत त्याचा जीव गेला, आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागं घेतलं. पोकळ कायदा पदरात घेऊन टाळ्या मिळवण्यापेक्षा त्यांनी विधेयक परत घेतलं, हे आपल्या पुढाऱ्यांनी पाठ करून ठेवावं.

१९३७ ला डाव बदलला. स्वतंत्र मजूर पक्ष निवडणुकीत उतरला, आपल्या नगरमधून पी. जे. रोहम निवडून गेले. १७५ जणांच्या विधानसभेत हा पक्ष मूठभर. तरी १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. काँग्रेसच्या सरकारने ते पुढं सरकू दिलं नाही. मग १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्याच साली सरकारने कामगारांच्या संपाच्या हक्काला वेसण घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. सभागृहात ते हाणून पाडण्याएवढी डोकी नव्हती, म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ ला गिरण्या बंद पडल्या, मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आले. सभागृह की रस्ता, असा वाद आपल्यात अजून चालतो. बाबासाहेबांनी तो कधीच घातला नाही. आत विधेयक, बाहेर मोर्चा, दोन्ही एकाच वेळी.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृहाचं दारच लागलं. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात आले, हरेगावला. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं हरेगाव. वतनदार महार-मांगांची परिषद तिथं भरली. पणजा गेला होता असं आज्जी सांगायची. भाकरी बांधून चालत गेला आणि येसकराची काठी मात्र घरी ठेवून गेला, एवढंच तिला ठाऊक होतं.

वतन शेवटी गेलं ते १९५८ च्या कायद्याने, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षं. जमीन सरकारजमा झाली आणि रक्कम भरणाऱ्याला परत मिळाली, पण नवीन शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, नजराणा भरायचा. सातबारावर ६ ब. कायद्याचा हेतू चांगला होता, आमच्या हातून जमीन कुणी फुकापासरी लाटू नये. पण आमचा आजा परवानग्यांच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवून मेला, आणि पैसेवाल्याला त्या पायऱ्या कधी दिसल्याच नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, कागदावर ३०० कोटींचा व्यवहार, आणि व्यवहारातली कंपनी तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या मुलाच्या भागीदारीतली. बोभाटा झाला, चौकशी बसली, व्यवहार रद्द झाल्याचं जाहीर झालं. ठीक. पण गावोगावच्या ज्या ६ ब जमिनींचा बोभाटा होत नाही त्यांचं काय? त्यावर विधेयक कुठंय? कुठल्या आमदाराने मांडलंय?

आता २०२५ कडे या. विशेष जनसुरक्षा विधेयक. कडवी डावी विचारसरणी, नक्षलवाद, असं म्हणत आणलं. कुठली संघटना बेकायदेशीर ते सरकार ठरवणार. २०२४ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा मांडलं, बारगळलं, डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे धाडलं. समितीत विरोधी पक्षांचेही मोठमोठे लोक. बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत मतदान. कसलं? आवाजी. उघड विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, मार्क्सवादी पक्षाच्या एकट्या आमदाराने. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. म्हंजे पुन्हा मतदान नाहीच. बाहेर येऊन मात्र सगळ्यांनी माईकसमोर निषेध केला.

बघा, १९२८ ला चिकित्सा समिती आणि २०२५ ला चिकित्सा समिती. आपल्याला मोकळं करणारं विधेयक समितीत मेलं. आपल्या तोंडाला कुलूप लावू शकेल असं विधेयक समितीतून तब्येत सुधारून बाहेर आलं. आणि त्या दिवशी डोकी मोजली असती तर विधेयक पडलं नसतं, हे मला कळतं. सरकारकडे प्रचंड बहुमत होतं. पण आज आपल्याकडे एक नाव आहे. आपल्याला २८८ नावं हवीत.

आता कुणी म्हणेल, चांगले कायदेही एकमताने झालेत की. झालेत. १३ एप्रिल २०१६ ला, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. चांगला कायदा. पण एकमताने जन्मलेल्या पोराला बाप नसतो. सगळ्यांचा तो कुणाचाच नाही. अंमलबजावणी का होत नाही, हे कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?

आपला जिल्हा याची साक्ष आहे. जानेवारी २०१३, सोनई, तीन पोरं. एप्रिल २०१४, खर्डा, सतरा वर्षांचा पोरगा. ऑक्टोबर २०१४, जवखेडे खालसा, एका घरातली तीन माणसं. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. कुठं? हरेगावला. जिथं बाबासाहेब आले होते त्याच हरेगावला. प्रत्येक वेळी मुंबईहून गाड्या आल्या, पांढरे कपडे आले, निषेध सगळ्यांनी केला. निषेधही एकमताने!

आणि पैशाचं तर मतदानही लागत नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी वळवले. आपल्या बहिणींनाही हप्ता मिळतो, मिळायलाच पाहिजे. पण अनुसूचित जातींच्या वाट्याचा पैसा काढून का? खात्याच्या मंत्र्यानेच तक्रार केली, यापुढं काय बोलायचं. हा पैसा दुसरीकडं हलवता येऊ नये म्हणून आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच कायदे केले. महाराष्ट्रात आपण मागणीच करत राहिलो. असं विधेयक मांडलं तर कोण 'नाही' म्हणेल? कुणीच नाही म्हणणार. म्हणूनच ते मांडत नाहीत.

एक आक्षेप राहतो. आपली डोकी किती? २८८ मध्ये अनुसूचित जातींच्या राखीव जागा २९, जमातींच्या २५. तेही सगळ्यांच्या मतांवर निवडून येतात, पक्षाच्या व्हिपला बांधलेले. व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जाते. मग मोजून काय उपयोग? उपयोग हा, की २०१४ ला सरकारला जेवढी डोकी कमी पडत होती त्यापेक्षा हे २९ जास्त आहेत. चुरशीच्या सभागृहात २९ म्हंजे सरकार पाडायची ताकद. ते एकत्र येत नाहीत कारण एकत्र न आल्याची किंमत त्यांना कधी मोजावी लागलेली नाही. व्हिप पाळलास ना? पाळ. पण तुझं नाव 'होय'च्या यादीत छापून येऊ दे. ती यादी आम्ही तुझ्या मतदारसंघातल्या प्रत्येक बुद्धविहाराच्या भिंतीवर चिकटवू.

आणि किंमत लावता येते. कर्जत-जामखेड, म्हंजे चौंडी आणि खर्डा दोन्ही ज्यात येतात तो मतदारसंघ. २०२४ ला तिथं हार-जीत किती मतांनी झाली? १,२४३. एवढी मतं त्या दोन तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांत निघत नाहीत का? काठावरची लढत फक्त सभागृहात होत नाही, ती आपल्या दारातही होते. फरक एवढाच की ते आपली मतं वाडी-वस्तीनिहाय, बूथनिहाय मोजतात, आणि आपण त्यांची मोजत नाही.

म्हणून मोजायला सुरुवात करा. जिल्ह्यात १२ आमदार आहेत. प्रत्येकाच्या गावातल्या कचेरीत, अधिवेशनाच्या आधी, दहा-दहा पोरांनी जायचं आणि तीन गोष्टी लिहून मागायच्या. एक, अत्याचार, वतनी आणि गायरान जमिनी, अनुसूचित जातींचा निधी आणि संघटना बांधायचा हक्क, यांवरच्या प्रत्येक विधेयकावर तुम्ही उभं राहून मतविभागणी मागाल का? दोन, अनुसूचित जातींच्या निधीच्या कायद्यासाठी आणि ६ ब जमिनींसाठी अशासकीय विधेयक मांडाल का? तीन, जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी तुम्ही कुठं होता आणि काय म्हणालात? उत्तर दिलं तर उत्तर छापू. नाही दिलं तर नावापुढं जागा कोरी ठेवून छापू. कोऱ्या जागेला अर्थ असतो, आमच्या टॅलीच्या वहीतसुद्धा असतो.

हा अंक हातात पडला की निदान तुमच्या तालुक्याचं नाव आम्हाला कळवा. कोण जाणार, कधी जाणार. श्रीरामपूरला मी येतो. पाळी बदलून घेईन.

जय भीम.